‘हकलबरी फिन’ नववीला लावायचं का? शिवी असलेल्या अभिजात पुस्तकांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विलेपार्ल्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं नववीच्या पूरक वाचनाला मार्क ट्वेनचं ‘हकलबरी फिन’ लावलंय. हक हा गोरा अमेरिकन पोरगा आणि जिम हा पळालेला कृष्णवर्णीय गुलाम, या दोघांची ती गोष्ट. एका पालकानं त्यातल्या पानाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी, ‘एन’नं सुरू होणारी ती शिवी त्या एकाच पानावर चार-पाचदा आहे. आता पालक-शिक्षक संघाच्या सभेत ‘असली पुस्तकं शाळेत नकोतच’ असा ठराव येणार आहे आणि संघाच्या सदस्य म्हणून तुम्हाला मत द्यायचंय. बंदी घालावी का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हणून सभा उरकू नका, कारण तक्रार करणाऱ्या पालकांचं सगळंच चुकतंय असं नाही. हे पुस्तक वाईट तऱ्हेनं शिकवलं तर वर्गातल्या एखाद्या मुलाला वर्षभर त्रास होऊ शकतो. तो त्रास खरा असतो आणि ‘अभिजात साहित्य आहे हो’ म्हटल्यानं कमी होत नाही.

पहिलं म्हणजे ‘बंदी’ हा शब्द ठरावातून काढायला लावा. पुस्तकावर बंदी घालणं, प्रती जप्त करणं हे सरकारचे अधिकार आहेत. शाळा फक्त निवड करते, आणि तीही तीन वेगळ्या ठिकाणी: ग्रंथालयाच्या कपाटात काय ठेवायचं, ऐच्छिक वाचनाच्या यादीत काय द्यायचं आणि सगळ्या वर्गानं सक्तीनं काय वाचायचं. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. कपाटातून पुस्तक काढू नये. ऐच्छिक यादीत आठवीपासून पुढे खुशाल ठेवावं. सक्तीचं वाचन मात्र शिक्षक तयार असतील आणि पुरेसे तास असतील तरच लावावं. यंदा दोन्ही नसेल तर पुस्तक पुढच्या वर्षावर ढकला. त्याला कुणी बंदी म्हणत नाही.

अमेरिकेतही भांडण बहुतेक वेळा याच तिसऱ्या जागेवरून होतं. पुस्तक अमेरिकेत १८८५ साली आलं आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयानं ते काढून टाकलं. तेव्हा हरकत त्या शिवीला नव्हती. भाषा गावंढळ आणि पोरगं वाह्यात, हा आक्षेप होता. १९५७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळानं खालच्या वर्गांच्या यादीतून ते वगळलं, तेव्हा वाद वर्णद्वेषाचा होता. अलीकडे मिनेसोटातल्या डुलूथनं २०१८ मध्ये हे पुस्तक आणि ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही हार्पर लीची वर्णद्वेषावरचीच कादंबरी सक्तीच्या यादीतून काढली, पण शाळेच्या ग्रंथालयात ठेवली. वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टिओनं २०२२ मध्ये ‘मॉकिंगबर्ड’ची नववीची सक्ती उठवली. ज्या शिक्षकांना शिकवायचंय त्यांना मुभा राहिली.

सभेत कुणी कायद्याचा मुद्दा काढला तर ॲरिझोनातल्या टेम्पीचा १९९८ चा खटला उपयोगी पडेल. एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीच्या आईनं शाळेविरुद्ध दावा केला होता. अपील न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की पुस्तक अभ्यासाला लावणं हा भेदभाव ठरत नाही आणि न्यायालय पुस्तकं काढायला लावणार नाही. पण वर्गात वर्णावरून छळ होतोय हे कळूनही शाळा स्वस्थ बसली, तर जबाबदारी शाळेची. तो निकाल इथे लागू होत नाही, पण त्यातली विभागणी आपल्यालाही जशीच्या तशी वापरता येते: पुस्तक वेगळं आणि मधल्या सुट्टीत काय चालतं ते वेगळं. पुस्तक काढून सुट्टीतली चिडवाचिडवी थांबेल असं मानणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आता मुंबईचं. ‘आपल्या वर्गात कुणी आफ्रिकन नाही, मग कुणाला लागणार?’ हे वाक्य सभेत नक्की येईल. वर्गात सावळी, काळी मुलं असतात. त्यांना आधीच काळ्या, हबशी, कोळसा ही नावं पडलेली असतात. इंग्रजी पुस्तकातून एक नवी शिवी मिळाली की ती त्याच मुलांवर चालवली जाते, आणि इंग्रजी म्हणून तिला थोडी ऐटही येते. वर्गात ईशान्येकडचं एखादं मूल असेल तर त्याच्यासाठीचे शब्द मुलांना तयारच ठाऊक असतात. दुसरं उदाहरण शेक्सपियरचं. आयसीएसई शाळांत ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ अनेक वर्षं अभ्यासाला होतं. त्यात शायलॉक या ज्यू सावकाराला नावानं हाक मारण्याऐवजी जातीनं, म्हणजे ‘ज्यू’ म्हणून हाक मारतात, कुत्रा म्हणतात, शेवटी धर्म बदलायला लावतात. आणि मुंबईत मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू कित्येक पिढ्यांपासून राहतात. माझगावची सर एली कदुरी शाळा मुळात १८७५ मध्ये त्यांच्याच मुलांसाठी निघाली. त्यामुळे शायलॉकची थट्टा चाललेल्या वर्गात त्या घरची मुलगी बसलेली असू शकते. त्याच नाटकात नायिका पोर्शिया मोरोक्कोचा राजपुत्र परत गेल्यावर त्याच्या रंगावरून टोमणा मारते. ते वाक्य बऱ्याच वर्गांत घाईनं ओलांडलं जातं. त्या नाटकावर कुणी ठराव आणत नसे, कारण ते परीक्षेला असायचं.

मग ट्वेनमध्ये ती शिवी दोनशेहून जास्त वेळा कशाला? याचं उत्तर शिक्षकांना चार-पाच ठिकाणं दाखवून देता आलं पाहिजे. ते येत नसेल तर पुस्तक लावू नये, इतकं हे महत्त्वाचं आहे.

सहाव्या प्रकरणात हकचा दारुडा बाप बरळतो. त्याला ओहायोतला एक कृष्णवर्णीय प्राध्यापक भेटलेला असतो. तो माणूस स्वतंत्र आहे, अनेक भाषा बोलतो, आपल्या राज्यात मतही देऊ शकतो. बापाचा तिळपापड होतो. आपण स्वतः मत द्यायला निघालो होतो, पण पिऊन तर्र होतो, हेही तोच सांगून टाकतो. शिवी देणारा कोण आणि कोणाला देतोय, हे मुलांनी एकदा पाहिलं की लेखक कुणाच्या बाजूचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

आठव्या प्रकरणात पळालेला जिम म्हणतो की मी आता श्रीमंत आहे, मी माझ्या स्वतःच्या मालकीचा आहे आणि माझी किंमत आठशे डॉलर आहे. सोळाव्यात तो म्हणतो की बायकोला विकत घेऊन सोडवीन, मग पोरांना सोडवू, आणि मालकानं विकली नाहीत तर चोरून आणवू. हे ऐकून हक हादरतो. ज्या मालकानं आपलं काही वाईट केलं नाही, त्याची ‘मालमत्ता’ हा चोरणार! बाप स्वतःची मुलं परत आणू पाहतोय आणि एका बऱ्या स्वभावाच्या पोराला ती चोरी वाटते. या एका परिच्छेदावर अख्खा तास घालवला तरी चालेल. हकच्या तोंडी ती शिवी का आहे, हे इथे कळतं. तो दुष्ट नाही. त्याला लहानपणापासून जे शिकवलं, तेच तो बोलतोय.

बत्तिसावं प्रकरण सगळ्यात अवघड. आधीच्याच प्रकरणात हकनं जिमला पकडून देणारी चिठ्ठी फाडलेली असते आणि त्यासाठी नरकात जायची तयारी केलेली असते. आणि इथे तो सॅली मावशीला बोटीवरच्या स्फोटाची थाप मारतो. ती विचारते, कुणाला लागलं का? तो म्हणतो, नाही, फक्त एक मेला, आणि कोण मेला ते सांगायला तीच शिवी वापरतो. ती म्हणते, नशीब, कधी कधी माणसांना इजा होते. मेलेला माणूस दोघांच्याही लेखी माणसांत धरलेलाच नाही. जिमसाठी नरक पत्करलेल्या मुलाच्या तोंडून हे येतं, म्हणून हे पान आधी एकतीसावं वाचल्याशिवाय वाचू नये. व्हॉट्सॲपवरच्या फोटोचा घोटाळाही हाच असतो. एक पान सुटं काढलं की बोलणारा कोण आणि त्याच्यावर हसतंय कोण, हे दोन्ही गळून पडतं.

‘शब्द बदललेली आवृत्ती आणू’ असा मधला मार्ग सुचवला जाईल. तशी आवृत्ती अमेरिकेत २०११ मध्ये निघाली आहे, तिच्यात त्या शिवीच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द आहे. लहान मुलांसाठी ते ठीक. पण बत्तिसाव्या प्रकरणात ‘एक गुलाम मेला’ म्हटलं की कुणाचं तरी आर्थिक नुकसान झालं असा अर्थ निघतो. अपमान निघून जातो आणि त्याबरोबर ट्वेनचा टोलाही. काळ्या मार्करनं शब्द खोडणं तर करूच नका. पोरं पान उजेडात धरून वाचतात आणि मग वर्षभर तोच शब्द खोडलेल्या ओळीच्या खुणेनं एकमेकांना दाखवतात.

आवृत्ती एकच ठरवा आणि यादीत आयएसबीएन क्रमांकासकट द्या. नाहीतर निम्मे पालक किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुन्या प्रती आणतात, काही संक्षिप्त आणतात, काही ऑनलाइन मिळेल ती घेतात. पृष्ठक्रमांक जुळत नाहीत आणि एकाच्या पुस्तकात शिवी असते, दुसऱ्याच्या नसते. संक्षिप्त प्रतीत बहुधा तराफा, वादळ, दरोडेखोर एवढंच उरतं. उपरोध सगळ्यात आधी कापला जातो.

शिकवायचं कसं, यावर शिक्षकांशी बसून बोला. पुस्तकाची त्रेचाळीस प्रकरणं आहेत. पूरक वाचनाला आठवड्याला पस्तीस मिनिटांचे दोन तास मिळत असतील, तर अख्खं पुस्तक वर्गात होणार नाही, आणि घाई झाली की नेमका अवघड भाग गळतो. म्हणून वर्गात सहावं, आठवं, पंधरावं, सोळावं, एकतीसावं आणि बत्तिसावं एवढीच प्रकरणं घ्या. बाकी घरी वाचू दे. शेवटच्या दहा-एक प्रकरणांत टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो. तो भाग कमकुवत आहे असं मला वाटतं आणि मुलांनाही तसं म्हणू द्यावं. पंधराव्यात हक जिमची माफी मागतो, ते आधी नीट झालं असेल तर शेवटाबद्दलची चीड मुलांची मुलंच व्यक्त करतात.

पुस्तक उघडण्याआधी दोन तास लागतातच. पहिल्या तासाला ट्वेन घेऊच नका. ‘द सीक्रेट गार्डन’चं चौथं प्रकरण घ्या, १९११ चं पुस्तक, बहुतेक मुलांनी संक्षिप्त वाचलेलं असतं. हिंदुस्थानातून आलेल्या मेरीला यॉर्कशायरची मोलकरीण सहज म्हणते की मला वाटलं तूही काळीच असशील. मेरी संतापते. मला नेटिव्ह समजलीस? ती माणसं नसतात, सलाम ठोकणारे नोकर असतात, असं ती सुनावते. इथे ‘ती माणसं’ म्हणजे आपण. वर्ग एकदम गप्प होतो, मग सगळे एकदम बोलायला लागतात. शिवी आपल्या पणजोबांना बसली की कशी लागते हे कळल्यावर दुसऱ्याच्या शिवीशी खेळावंसं वाटत नाही. हा क्रम उलटा केला तर जमत नाही. आधी ट्वेन घेतला की मुलं अमेरिकेच्या वर्णद्वेषावर छान छान निबंध लिहितात आणि सुट्टीत चिडवायला मोकळी.

दुसऱ्या तासाला काळ सांगा. गोष्ट गुलामगिरीच्या काळातली आहे, पण लिहिली गेली ती १८६५ मध्ये गुलामगिरी उठल्यानंतर. सोबत स्वतः गुलाम राहिलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्रातली दोन-तीन पानं द्या. जिमचं सगळं आपल्याला एका गोऱ्या पोराच्या तोंडून कळतं, ही पुस्तकाची मर्यादा आहे. ज्यानं सोसलं त्याचा आवाज वर्गात यायलाच हवा. आणि आपल्या मुलांना जोतिरावांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका दाखवा. १८७३ चं पुस्तक, अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेलं. त्यात ‘निग्रो’ हा शब्द आहे, जो तेव्हा सर्रास वापरला जाई आणि आता वापरत नाहीत. ‘शब्द शोधा आणि पुस्तक काढा’ असा नियम केला तर पहिल्या झटक्यात फुलेच सापडतील, हे सभेतही सांगता येईल.

वर्गातले नियम थोडेच, पण पक्के असावेत. ती शिवी कुणीही मोठ्यानं उच्चारायची नाही, शिक्षकांनीही नाही. वाचताना तिथे थांबायचं किंवा ‘एन-वर्ड’ म्हणायचं. फळ्यावर लिहायची नाही. आपल्याकडे पाळीपाळीनं उभं राहून वाचायची सवय आहे, ती या पुस्तकापुरती बंद ठेवा. चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा, कुणीतरी ती मोठ्यानं वाचतंच, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच मुलाकडे वळतात. अवघड उतारे शिक्षकांनीच वाचावेत. नाट्यीकरण नको, ‘तू जिम हो’ म्हणताना कुणाची निवड होते ते सांगायला नको. कुठल्याही मुलाला त्याच्या जातीवरून, रंगावरून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल.

जातीचा विषय निघणारच, आणि निघू द्यावा. कारण ‘शिवी असलेलं पुस्तक नको’ हा नियम एकदा कागदावर आला की तो इंग्रजी पुस्तकांपाशी थांबत नाही. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ ही सगळी जातिवाचक शिव्यांनी भरलेली आहेत, कारण लिहिणाऱ्यांनी त्या खाल्ल्या आहेत. त्याच ठरावानं उद्या कपाटातून तीही जातील, आणि ती जावीत असं वाटणारी माणसं ठराव करणाऱ्यांत कदाचित बसलेलीही असतील. मात्र दोन्ही एकाच मापानं शिकवता येत नाहीत. ‘बलुतं’सारख्या आत्मकथनांत सोसणारा बोलतो. ट्वेनमध्ये शिवी देणाऱ्या समाजातलं एक मूल बोलतं. मुलांना हा फरक पटकन समजतो.

सुट्टीतल्या प्रकारांसाठी आधीच ठरवून ठेवा. पुस्तक सुरू असेपर्यंत आणि संपल्यावर महिनाभर वर्गशिक्षकांनी कान उघडे ठेवायचे. शब्द कुणावर वापरला तर त्याच दिवशी बोलायचं, मुलाच्या घरी कळवायचं आणि लेखी नोंद ठेवायची. जातीवरून झालं तर ते आणखी गंभीर. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात या जाती-जमातींतल्या व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, तिला जातीच्या नावानं शिवीगाळ करणं हे गुन्हे आहेत. ‘पोरं आहेत, थट्टा करतात’ म्हणून मुख्याध्यापकांना हात झटकता येणार नाहीत.

तक्रार करणाऱ्या पालकांना लेखी अर्ज द्यायला सांगा: कोणती आवृत्ती, कोणती पानं, पुस्तक पूर्ण वाचलंय का, आणि नेमकं काय हवंय. माझ्या मुलाला दुसरं पुस्तक द्या, की कुणालाच हे नको? पहिली मागणी लगेच मान्य करा. तेवढ्याच जाडीचं दुसरं पुस्तक, तेवढेच गुण, आणि त्या तासाला मूल ग्रंथालयात बसेल, वऱ्हांड्यात उभं राहणार नाही. दुसऱ्या मागणीसाठी छोटी समिती नेमा: ग्रंथपाल, इंग्रजीचे दोन शिक्षक, दोन पालक. समितीतल्या प्रत्येकानं पुस्तक पूर्ण वाचायचं, महिन्याभरात लेखी निर्णय द्यायचा आणि तोवर पुस्तक कपाटात राहील. ‘पूर्ण वाचायचं’ ही अट घातली की अर्धे उत्साही सदस्य आपोआप मागे सरतात, हा तिचा आणखी एक फायदा.

पालकांना पत्र पुस्तक सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी जायला हवं होतं. ते गेलं नसेल तर आता पाठवा, आणि शिवी आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. फोटो फिरायच्या आधी शाळेनंच सांगितलं असतं तर निम्मा गदारोळ झाला नसता.

राहिली परीक्षा. प्रश्नपत्रिकेत शिवी असलेला उतारा घालू नका. तिथे समजावायला कुणी नसतं. ‘हकचा स्वभाव लिहा’ असा प्रश्नही नको, त्याचं उत्तर गाइडमध्ये तयार मिळतं. सोळाव्या प्रकरणातला तो परिच्छेद द्या आणि विचारा: इथे चोर कोण, असं हकला वाटतं, आणि तुम्हाला कोण वाटतं? आठ गुण पुरेत.